तिसरा रकाना

सुमती गेली तेव्हा मी दवाखान्याच्या खाली कॉफी पीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळे लिहितात तसं माझ्याकडूनही लिहिलं जाईल, की हातात हात होता आणि शेवटचा शब्द अमुक होता. हात नव्हता. आमची मुलगी वसुधा वर तिच्याजवळ होती. ती जिना उतरून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि कन्नडात म्हणाली, "अप्पा, अम्मा होदळु." होदळु म्हणजे गेली. मी म्हटलं, "थांब, पेला ठेवून येतो." आणि खरंच पेला नेऊन ठेवला, विसळायच्या बादलीत, नीट, आवाज न करता... मग वर गेलो. याला आता सात आठवडे झाले.

मराठी पेपरातल्या पुरवणीच्या बाई वसुधेच्या मैत्रीण लागतात. म्हणाल्या, "काका, काकूंवर लिहा, बोलता तसं, आम्ही नीट करून घेऊ." मी म्हटलं, नीट करायचं असेल तर तुम्हीच लिहा. मी तिसरी शिकलेला माणूस, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं मला लग्नानंतर सुमतीनं शिकवली, ती शब्द लिहून ठेवायची त्यातल्या खराब झालेल्या कार्डांच्या पाठीवर गिरवून घेऊन. हेही तसल्याच कार्डांच्या पाठीवर लिहितोय. एका कार्डावर आठ ओळी बसतात. आठ ओळी झाल्या की थकवा येतो, मग चष्मा काढून बसतो. लिहिण्याचा थकवा नाही तो.

आम्ही मैसूरचे रंगारी. किती पिढ्यांचे ते विचारू नका, माझ्या बापालाही माहीत नव्हतं. देवराज मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत आमची भट्टी होती. कापड रंगवायचं, त्यावर ठसे मारायचे. घरात मराठी, दारात कन्नड, भांडण झालं की दोन्ही. मिलचं छापील कापड आलं आणि भट्टी थंड होत चालली. सुमती तिकडची, दांडेली-हळियाळच्या रानातली. वडील जंगलखात्यात कारकून. राज्यं नव्यानं आखली तेव्हा आपण रात्री मुंबई राज्यात झोपलो आणि सकाळी मैसूर राज्यात उठलो, असं ते सांगायचे. उठले ते उठले, दोन वर्षांत बदली होऊन इथं खाली आले. जात आमचीच, फक्त रंगाचा धंदा त्यांच्या आज्यानं सोडलेला. मुलगी मॅट्रिक, टायपिंग झालेली, माझ्यापेक्षा बोटभर उंच. बघायला मी गेलो होतो, पण प्रश्न तिनं विचारले. "निळ्याची कुंडी संपली की काय करता?" मी म्हटलं, संपू देत नाही, तळाला थोडं जुनं ठेवतो, त्याच्यावर पुढची कुंडी चढते. ती आत वळून वडिलांना म्हणाली, "चालेल." एवढंच. मला चालेल का ते कुणी विचारलं नाही. चालणारच होतं म्हणा.

सासऱ्यांनी मला हुणसूरच्या बाजूच्या एका लाकडाच्या डेपोत चिकटवलं. ओंडक्यांवर रंगानं नंबर घालायचे आणि हातोडीनं खात्याचा ठसा मारायचा. ठसे मारायची सवय हाताला होतीच, कापडाच्या जागी साग आला इतकंच. सुमती मैसुरात खात्याच्या एका कचेरीत टायपिस्ट. त्या कचेरीत एक कपाट होतं, त्यात जाडजूड जर्मन पुस्तकं, वाळवीनं निम्मी खाल्लेली. रानं कशी राखायची, कशी तोडायची, हे शास्त्र म्हणे आधी जर्मन लोकांनी लिहून काढलं आणि इंग्रजांनी ते त्यांच्याकडून इथं आणलं. तिच्या साहेबांना त्यातल्या शब्दांची यादी हवी होती. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला जर्मन. जर्मन येणारा कुणी नव्हता. सुमती म्हणाली, मी शिकते. गावात एक म्हातारे पाद्री होते, त्यांना जर्मन यायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती त्यांच्याकडे जायची, बदल्यात त्यांची पत्रं टाइप करून द्यायची. मी सायकल घेऊन कुंपणाबाहेर उभा. आतनं दोघांचं घशातलं खाकरणं ऐकू यायचं. गल्लीतले विचारायचे, "काय रे, बायको तिथं काय करते?" मी म्हणायचो, "झाडं शिकते." हसायचे. हसू देत.

घरी आली की ती कार्डं काढायची. पोस्टकार्डाएवढी, जाड, तीन रकाने आखलेली. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात जर्मन. हे दोन कचेरीचे. तिसरा तिचा स्वतःचा, कुणी सांगितलेला नाही. तिसऱ्यात आपल्याकडचा शब्द. कन्नड असो, मराठी असो, हाडीतल्या, म्हणजे रानातल्या पाड्यावरच्या लोकांचा असो, ज्यानं झाडाला हात लावलाय त्याच्या तोंडचा. त्याखाली बारीक अक्षरात, कुणी सांगितला, कुठं, आणि काय दाखवून. पुस्तकातनं उचललेला शब्द तिला चालायचा नाही. आणि एका माणसाचा शब्दही चालायचा नाही. म्हणायची, "एकटा माणूस काहीही बडबडेल. एकानं म्हणायला हवं आणि दुसऱ्याला न विचारता कळायला हवं, तेव्हा तो शब्द." विचारायची पद्धतही ठरलेली. याला अमुक म्हणतात ना, असं कधी विचारायचं नाही. वस्तू दाखवायची आणि गप्प बसायचं. समोरच्याच्या तोंडात शब्द घातला की तो मान हलवतो, आणि मग तो शब्द त्याचा नसतो, आपला असतो.

या पद्धतीपायी ती साहेबांशीही भांडली. ओंडक्याचा बाहेरचा कच्चा, फिकट भाग असतो, त्याच्यासाठी साहेब म्हणाले, "रसकाष्ठ लिहा. संस्कृत आहे, दोन्ही भाषांना चालेल." सुमतीनं विचारलं, "कोण म्हणतं सर?" ते म्हणाले, "पुढे म्हणतील." ही म्हणाली, "मग पुढेच लिहू." आमच्या डेपोत सगळे त्याला नुसतं पांढरं म्हणायचे, तिनं पांढरं लिहिलं. शेवटी कचेरीनं दोनच रकान्यांचं पातळ पुस्तक काढलं, आत साहेबांचं नाव. मला राग आला होता. तिला नाही. "त्यात माझं काय आहे?" म्हणाली. "माझं तिसऱ्यात आहे." कचेरीचं काम संपलं तरी कार्डं चालूच राहिली, रिटायर झाल्यावरसुद्धा.

मला जर्मन येत नाही, पण संध्याकाळी भाजी निवडताना ती बोलायची त्यातलं थोडं डोक्यात राहिलं. त्यांच्याकडे रानाला दोन शब्द आहेत. वाल्ड म्हणजे आपोआप वाढलेलं, फोर्स्ट म्हणजे माणसानं वळण लावलेलं. मी म्हटलं, मग तू फोर्स्ट आणि मी वाल्ड. म्हणाली, "तुम्ही कुंपण." पुढं कधीतरी त्यांच्या देशात धुरानं रानंच्या रानं वाळायला लागली, त्याला त्यांनी वाल्डस्टेर्बेन म्हटलं. रान मरणं. त्या कार्डाचा तिसरा रकाना तिनं कोराच ठेवला. पुष्कळांना विचारलं. लोक म्हणायचे, झाड मरतं, रान तोडतात... रान मरतं असं कुणी म्हणेना. कोऱ्या रकान्याची तिला लाज नव्हती. म्हणायची, "शब्द नाही म्हणजे अजून बघितलेलं नाही. बघतील." हे तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. आता दरवर्षी उन्हाळ्यात वाळलेली रानं बघून मला त्या कार्डाची आठवण होते.

आता माझी चूक सांगतो. लग्नाला चारेक वर्षं झाली होती. एके दिवशी तिनं कार्ड पुढं केलं. जर्मन शब्द युबरहेल्टर. सगळं रान तोडतात तेव्हा एखादं चांगलं झाड मुद्दाम उभं ठेवतात, त्याच्या बियांनी पुढचं रान यावं म्हणून, ते झाड. "तुमच्या कुंडीच्या तळासारखं," ती म्हणाली. "डेपोत काय म्हणतात याला?" डेपोत काहीच म्हणत नव्हते. डेपोत झाडं आडवी होऊन यायची. मी आडव्या झाडांचा माणूस, उभ्या झाडाशी माझा संबंध काय? पण ती पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होती. मॅट्रिक झालेली, जर्मन येणारी बायको तिसरी शिकलेल्या नवऱ्याला विचारतेय आणि नवऱ्याला येत नाही... मी म्हटलं, "मागउभा." ती म्हणाली, "काय?" "मागउभा म्हणतात. सगळे गेल्यावर मागं उभा राहतो तो." तिचा चेहरा उजळला. मला तिथंच खोटं परत घेता आलं असतं, पण घेतलं नाही. तिनं लिहिलं. खाली माझं नाव, आणि दुसऱ्या नावासाठी जागा सोडली.

दुसऱ्या नावासाठी ती मला न सांगता रविवारच्या बसनं हुणसूरला गेली. डेपोतला ओंडके चढवणाऱ्यांचा मेस्त्री मादप्पा तिला अक्का म्हणायचा. त्याला घेऊन ती रस्त्याकडेच्या एका तोडलेल्या तुकड्यात गेली, उभं राहिलेलं एक झाड दाखवलं आणि पद्धतीप्रमाणे गप्प बसली. मादप्पा म्हणाला, "झाड आहे, अक्का." आणखी चौघांना विचारलं. शेवटी बिचारीनं स्वतःचा नियम मोडला आणि शब्द सांगून विचारलं, असं म्हणतात का? मादप्पा हसत सुटला. "कोण म्हणालं? आमचा रंगारी? अय्यो अक्का, त्यानं उभं झाड कधी बघितलंय!" हे मला सोमवारी मादप्पानंच सांगितलं, सगळ्यांसमोर, डबा खाताना.

सुमती मात्र भांडली नाही. तेच वाईट. कार्डावर तांबड्या शाईनं एक आडवी रेघ मारली, पट्टी धरून, आणि कार्ड उचलून ठेवलं. आठ दिवस जेवायला वाढायची, पाणी तापवायची, आणि तोंडातनं अक्षर नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "येत नाही म्हणाला असता तर मी कोरं ठेवलं असतं. कोऱ्याला मी काय म्हटलंय का कधी?" मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "आता तुमची बाकीची सगळी परत तपासायला लागणार." आणि तपासली. माझं नाव असलेली सत्तर-ऐंशी कार्डं होती, सगळी. बाकी एकही खोटं निघालं नाही. ते तिनं सांगितलं, पण शाबासकी दिली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या चुलतभावाचं लग्न झालं. पंगती उठल्या, नवरानवरी गेली, आचारी पातेली घासायला लागले, तरी आमचे एक मामा मांडवाच्या खांबाला टेकून उभेच. पान चघळत. त्यांना कुणी जा म्हणू शकत नाही, ते जात नाहीत. मी सतरंजी गुंडाळत होतो. सुमती माझ्याजवळ आली, तोंडाला पदर लावला आणि कानात म्हणाली, "अहो, मागउभा!" मी असा हसलो की सतरंजी पुन्हा उलगडली. मामांनी विचारलं, काय झालं? आम्ही दोघंही सतरंजी गुंडाळायला वाकलो.

तिथनं तो शब्द आमच्या घरात राहिला. डब्यातला शेवटचा वडा म्हणजे मागउभा. दोरीवर विसरलेला एकच मोजा मागउभा. दसऱ्याचे पाहुणे गेल्यावर चार दिवस जास्त राहिलेली आत्या, तिच्या पाठीमागं, मागउभी. वसुधा लहानपणी तेच बोलत वाढली. तिला वाटायचं सगळ्या जगात असंच म्हणतात, शाळेत म्हणाली आणि पोरींनी चिडवलं. मग ती मोठी झाली, बेंगळूरला नोकरी, कन्नड घरात लग्न. तिथं मराठी बोलायला कुणी नाही. आता ती माझ्याशी सुरुवात मराठीत करते आणि दुसऱ्या वाक्याला कन्नडात जाते. मी काही म्हणत नाही. जीभ जिथं सुखानं बसते तिथं बसू दे.

दिवसकार्य झाल्यावर वसुधा म्हणाली, अम्माच्या कार्डांचं काय करायचं? आठ पेट्या आहेत. डेपोतल्या सागाच्या फळकुटांच्या मी केलेल्या, जर्मन अक्षरांच्या क्रमानं लावलेल्या. तिनंच खटपट केली, गावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयानं घेतो म्हटलं, पंधरा दिवसांनी टेंपो येणार ठरलं. मी रोज एक पेटी पुसायला काढायचो. आठव्या पेटीत ते कार्ड होतं. तांबडी रेघ तशीच. पण रेघेखाली निळ्या शाईत, तिच्या त्याच बारीक अक्षरात, पुन्हा लिहिलेलं होतं: मागउभा. सांगणारे: हे, आणि मी. कुठं: घरी. काय दाखवून: मामा, वडा, मोजा... पुढं बरंच होतं, कार्ड भरून मागल्या बाजूला गेलं होतं. किती वर्षं लिहीत होती कोण जाणे. मला कधी दाखवलं नाही.

मी ते कार्ड दोन्ही बाजूंनी पुन्हा वाचलं. आनंद झाला म्हणायला हवं. पण मला तिची पद्धत ठाऊक. सांगणारा मेला की ती त्याच्या नावापुढं फुली करायची, आणि दोन जिवंत तोंडं नसतील तर कार्ड काढून घ्यायची. तिच्या वडिलांचे किती शब्द असे तिनं स्वतःच्या हातानं काढले, एकाच्याही बाबतीत मऊ झाली नाही. आता या कार्डावरच्या दोघांतली एक गेली. एकटा माणूस काहीही बडबडेल... राहिली वसुधा. तिच्या तोंडात तो शब्द अजून आहे का? विचारता येत नव्हतं. विचारला की तो माझा.

मग मी गप्प बसून वाट बघायला लागलो. या वयात असले धंदे. ताटलीत मुद्दाम एक वडा ठेवला. वसुधा म्हणाली, "ओंदु उळितु, अप्पा, खाऊन टाका." एक उरला, कन्नडात. दोरीवर माझी एकच बनियन सोडली. ती काढून घडी करून आणून दिली, अवाक्षर नाही. शेजारचे एक गृहस्थ समाचाराला आले ते दोन तास हलेनात, मी डोळ्यांनी तिला खुणावलं. तिला वाटलं मला दुखतंय, गोळी घेऊन आली. राहिलेले दिवस असेच गेले. टेंपोच्या दिवशी सकाळी मी ते कार्ड पेटीतनं काढलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. एकदा तिला खोटं दिलं होतं, दुसऱ्यांदा, ती नसताना, द्यायचं नव्हतं. पेटी मांडीशी घेऊन ओट्यावर बसून राहिलो.

दोन माणसं आली. वसुधा त्यांना कन्नडात भराभर सांगत होती, सांभाळून, वर दुसरं काही ठेवू नका. एक एक करून सात पेट्या गेल्या. मी बसलेलाच. ती पदर खोचून, घामाघूम, मोजत परत आली, माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "काय अप्पा, हा एक मागउभा ठेवून घेतला की तुम्ही!"

मी म्हटलं, "काय म्हणालीस?"

"पेटी हो. द्या इकडं, ते लोक थांबलेत."

मी म्हटलं, थांबू देत. पेन माग त्यांच्याकडनं. तिनं आणून दिलं. सुमतीच्या अक्षराशेजारी माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तरी तिच्या 'मी'पुढं फुली केली. ती करायचीच होती. मग खाली लिहिलं: वसुधा. घरी, ओट्यावर. पेटी दाखवून. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली, कार्ड त्याच्या जागी घातलं आणि पेटी दिली.

टेंपो गेल्यावर वसुधानं विचारलं, काय लिहिलंत? मी म्हटलं, तुझं नाव. कशाला? ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर यापुढं ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत राहिली असती. हे छापून आलं की तिला कळेल. कळू दे. नोंद त्याच्या आधीची आहे.